ओर्तिसेईत चार रात्री: गाडी न घेता डोलोमाइट्स कसे बघावेत

इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांत जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांचा बेत एकाच साच्यातला असतो. व्हेनिस किंवा मिलानला भाड्याची गाडी घ्यायची, दोन दिवसांत तीन तळी आणि दोन कडे उरकायचे, सेचेदा नावाच्या डोंगराच्या धारेवर फोटो काढायचा आणि पुढे स्वित्झर्लंड गाठायचं. डोंगर दिसतात, नाही असं नाही. पण त्या डोंगरांत माणसं राहतात, त्यांची स्वतःची भाषा आहे, चारशे वर्षांची कारागिरी आहे, याचा पत्ताच लागत नाही. माझा आग्रह वेगळा आहे. एकच गाव निवडा, तिथे किमान चार रात्री राहा, गाडी घेऊच नका, आणि निम्मा वेळ उंचावर तर निम्मा गावात घालवा. असं राहायला ओर्तिसेईइतकं सोयीचं गाव मला दुसरं माहीत नाही.

ओर्तिसेई इटलीच्या उत्तर भागात, बोल्झानो प्रांतात, वाल गार्देना नावाच्या दरीत आहे. उंची १,२३६ मीटर, वस्ती पाच हजारांच्या आत. दरीत वर सांता क्रिस्तीना आणि सेल्वा अशी आणखी दोन गावं. पाट्यांवर गावाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं दिसेल: ओर्तिसेई हे इटालियन, सांक्ट उलरिख हे जर्मन आणि उर्तिजेई हे लादिन. नकाशात, बसच्या फलकावर किंवा हॉटेलच्या पत्त्यात यांपैकी कोणतंही येऊ शकतं, म्हणून तिन्ही टिपून ठेवा. दरीचंही तसंच: वाल गार्देना म्हणजेच ग्रोडन, म्हणजेच गेर्देना. नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच उडतो.

कधी जावं

आधी केबल कारचं वेळापत्रक बघा, मग विमानाचं तिकीट काढा. उन्हाळ्यातला हंगाम साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतो, काही मार्ग त्याच्या थोडे पुढे-मागेही सुरू असतात. हिवाळ्यातला हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीपासून ईस्टरच्या आसपासपर्यंत. मधल्या काळात, म्हणजे एप्रिलअखेर, मे आणि नोव्हेंबर, बऱ्याच केबल कार बंद असतात आणि हॉटेलंही सुट्टीवर जातात. आपल्या शाळांना मे महिन्यात सुट्टी असते म्हणून तेव्हा जायचा मोह होतो, पण या गावासाठी तो महिना टाळा.

कुरणांतली फुलं बघायची असतील तर जूनचा उत्तरार्ध आणि जुलैची सुरुवात, कारण त्यानंतर गवताची कापणी होते. सोनेरी लार्च वृक्ष हवे असतील तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टच्या मध्यावर अख्खी इटली सुट्टीवर असते, १५ ऑगस्ट हा त्यांचा मोठा सण, आणि त्या आठवड्यात खोल्या महाग व वाटा गजबजलेल्या असतात. कुणी मला एकच काळ सुचवायला सांगितला तर मी सप्टेंबर म्हणेन. हवा स्वच्छ, वादळं कमी, गर्दी ओसरलेली.

पोचायचं कसं

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, त्यामुळे शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. त्यात डोंगरातली सुटका समाविष्ट आहे का, हे विमा कंपनीला आवर्जून विचारा.

विमान म्युनिक, व्हेरोना, व्हेनिस किंवा मिलान यांपैकी कुठेही उतरलं तरी चालेल. गाठायचा आहे तो ब्रेनर खिंडीतून जाणारा रेल्वेमार्ग. म्युनिकहून येणारी लांब पल्ल्याची गाडी इन्सब्रुकवरून खिंड ओलांडून इटलीत उतरते आणि साधारण चार तासांत बोल्झानोला पोचते. व्हेरोनाकडून आलात तर बोल्झानो दोन तासांच्या आसपास. बोल्झानो स्थानकाजवळून वाल गार्देनाची ३५० क्रमांकाची बस मिळते. ती सुमारे तासाभरात ओर्तिसेईच्या मध्यवर्ती चौकात, पियात्सा सांत आंतोनिओत, सोडते. उत्तरेकडून येत असाल तर ब्रेस्सानोने स्थानकावर उतरा, तिथूनही दरीत थेट बस येते. पोन्ते गार्देना हे दरीच्या तोंडाशी असलेलं छोटं स्थानक आहे, तिथे फक्त प्रादेशिक गाड्या थांबतात.

बसमध्ये चढल्यावर शक्यतो खिडकीशी बसा. दरी आधी अरुंद आणि काळोखी असते, मग एका वळणानंतर सास्सोलुंगोचा ३,१८१ मीटरचा राखाडी सुळका समोर येतो. पुढचे चार दिवस दिशा ओळखायला तोच उपयोगी पडणार आहे.

राहणं आणि दोन कार्डं

मुक्काम चौकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी घ्या. गाव उतारावर वसलं आहे. नकाशावर पाचशे मीटर दिसणारं अंतर सामान ओढत चढावं लागतं. ‘गार्नी’ लिहिलेल्या ठिकाणी फक्त खोली आणि नाश्ता मिळतो. हॉटेलात ‘मेत्सा पेन्सिओने’ घेतलं तर रात्रीचं जेवणही त्यातच. कुटुंब मोठं असेल, सोबत आजी-आजोबा असतील किंवा जेवणाचे नियम कडक असतील, तर स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घेणं सर्वांत बरं. डाळ-तांदूळ आणि मसाल्याचा डबा घरून न्या, भाज्या, दही, दूध गावातल्या दुकानात मिळतं.

खोली ठरवताना एक प्रश्न नक्की विचारा: ‘झुडटिरोल गेस्ट पास’ देता का? प्रांतातली बहुतेक हॉटेलं आणि घरं तो पाहुण्यांना मुक्कामाच्या काळापुरता देतात, आणि त्यावर प्रांतातल्या बस आणि प्रादेशिक रेल्वे मोफत होतात. गाडी न घेण्याचा माझा सगळा आग्रह या पासवर उभा आहे. पार्किंगचे पैसे नाहीत, घाटातली वळणं नाहीत, आणि एका गावातून डोंगरावर चढून दुसऱ्या गावात उतरता येतं, जे गाडीवाल्याला जमत नाही.

दुसरं कार्ड पैसे देऊन घ्यायचं. उन्हाळ्यात ‘गार्देना कार्ड’ नावाचा तीन किंवा सहा दिवसांचा पास मिळतो, त्यात दरीतल्या केबल कार येतात. सेचेदाचं एकट्याचं जाऊन-येऊन तिकीट चाळीस युरोंच्या वर जातं, त्यामुळे तीन दिवस वर जाणार असाल तर पास घेतलेला परवडतो. दोनच दिवस जाणार असाल तर सुटी तिकिटं जोडून हिशेब करून बघा.

पहिला दिवस गावाला द्या

पोचलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी डोंगरावर धावू नका. प्रवासाने थकलेलं शरीर आणि २,४५० मीटरची उंची यांची गाठ घाई करून घालण्यात अर्थ नाही. शिवाय हे गाव आधी समजलं तर वरचे डोंगर जास्त समजतात.

चौकातून पायी फिरायला लागा. वाहनांना बंद असलेला मुख्य रस्ता तुम्हाला अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या पॅरिश चर्चपर्यंत नेतो. आत जाऊन निवांत बसा. इथल्या मूर्ती जवळजवळ सगळ्या याच दरीतल्या हातांनी घडवलेल्या आहेत, आणि त्या लाकडाच्या आहेत हे डोळ्यांना पटायला वेळ लागतो. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत, टोपी काढावी, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावं.

लाकूड कोरण्याचं काम इथे सतराव्या शतकात सुरू झालं. ट्रेबिंगर आणि विनात्सर ही त्या पहिल्या काळातली घराणी. थंडीत शेत बर्फाखाली गेलं की घराघरांत कोरणी बाहेर यायची. लाकूड मुख्यतः उंचावर वाढणाऱ्या सेंब्रा पाइनचं: मऊ, सुगंधी, कोरणीखाली सहज वळणारं. पुढे देवांच्या मूर्तींसोबत खेळणी आली. सांध्यांत खुंट्या घालून हातपाय हलवता येणाऱ्या लाकडी बाहुल्या इथले फेरीवाले पाठीवर लादून युरोपभर विकत. राणी व्हिक्टोरिया लहानपणी ज्या बाहुल्यांशी खेळत असे त्या याच प्रकारच्या होत्या. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी बघितलेल्या माणसाला इथल्या दुकानांसमोरून पाय निघणार नाही.

हे सगळं नीट मांडलेलं बघायचं असेल तर गेर्देना संग्रहालयात जा. ‘चेझा दी लादिन्स’, म्हणजे लादिन लोकांच्या घरात, ते आहे. मूर्ती आणि जुनी खेळणी आहेतच, पण खालचा जीवाश्मांचा भाग चुकवू नका. सेचेदाच्या खडकांत सापडलेले इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष इथे आहेत. ज्या धारेवर तुम्ही उद्या उभे राहणार आहात, तिथे एकेकाळी समुद्र होता, याचा पुरावाच समोर असतो. संग्रहालयाचे दिवस आणि वेळा हंगामानुसार बदलतात, त्यामुळे पर्यटन कार्यालयात विचारून जा.

आता भाषेबद्दल, कारण तुमच्या कानावर ती पडणारच आहे. लादिन ही रोमन काळातल्या बोली लॅटिनमधून डोंगरात टिकून राहिलेली भाषा. डोलोमाइट्सच्या पाच दऱ्यांत मिळून ती बोलणारे सुमारे तीस हजार लोक आहेत. बोल्झानो प्रांतात लादिन लोक साडेचार टक्क्यांच्या आसपास, पण ओर्तिसेईत त्यांचं मोठं बहुमत. पहिल्या महायुद्धापर्यंत हा मुलूख ऑस्ट्रियाचा होता. युद्धानंतर तो इटलीकडे आला, मुसोलिनीच्या काळात सगळ्यांवर इटालियन लादली गेली, आणि १९३९ मध्ये लोकांना इटलीत राहायचं की जर्मनीत जायचं अशी निवड करावी लागली. १९७२ च्या स्वायत्ततेच्या कायद्यानंतर परिस्थिती पालटली. आज इथल्या शाळांत निम्मे विषय जर्मनमध्ये, निम्मे इटालियनमध्ये शिकवतात आणि लादिनचे तास वेगळे असतात. एवढ्या लहान समाजाने आपली भाषा शाळेत, रेडिओवर आणि रस्त्यावरच्या पाटीवर टिकवली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. दुकानात शिरताना ‘बोन दी’ म्हणा, निघताना ‘दिलान’ म्हणजे आभार. समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसेल.

वेळ उरला तर संध्याकाळी दफनभूमीत जाऊन या. थडग्यांवरचं कोरीव काम बघण्यासारखं आहे, आणि पर्वतपटांचे अभिनेते-दिग्दर्शक लुइस ट्रेंकर (१८९२–१९९०) इथेच विसावले आहेत. ते ओर्तिसेईचेच. इलेक्ट्रॉनिक डिस्को संगीताचे प्रवर्तक जॉर्जो मोरोडर यांचा जन्मही इथलाच, १९४० सालचा.

दुसरा दिवस: सेचेदा, पण उतरायचं दुसऱ्या बाजूने

पहिली केबल कार साडेआठच्या सुमारास सुटते. तुम्ही त्याआधी रांगेत असायला हवं. जुलै-ऑगस्टमध्ये दहानंतर रांग लांब होते, आणि दुपारनंतर ढग जमतात. गावाच्या मध्यातून तळस्थानकाकडे सरकत्या जिन्यांचा भुयारी मार्ग आहे, तो घेतला तर चढ वाचतो. फुर्नेसला केबल कार बदलून २,४५६ मीटरवर पोचता. तिथून धारेपर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चाल.

धार एका बाजूला हिरव्या उतारासारखी आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेली. मागे फेर्मेडाचे मनोरे आणि ओडले रांग, तिच्यातलं सास रिगाइस शिखर ३,०२५ मीटरचं. कड्याच्या काठाशी मुलांचा हात सोडू नका, आणि फोटोसाठी कुंपणापलीकडे जाऊ नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. या उतारावरचं गवत म्हणजे कुणाचं तरी पीक आहे. ते कापून हिवाळ्यात गाईंना घातलं जातं. फोटोच्या नादात लोक वाटा सोडून गवत तुडवतात, कचरा टाकतात, ड्रोन उडवतात. वैतागून २०२५ च्या उन्हाळ्यात इथल्या जमीनमालकांनी वाटेवर फिरतं फाटक बसवलं आणि आत जायला पाच युरो घ्यायला सुरुवात केली. त्यावर बरीच चर्चा झाली, पण त्यांचं दुखणं खरं आहे. आखलेल्या वाटेवरच चाला. निसर्ग उद्यानाच्या हद्दीत ड्रोनला बंदी आहे.

बहुतेक लोक फोटो काढून त्याच केबल कारने परततात. तुम्ही पूर्वेकडे चालायला लागा. कुरणांमधून जाणारी वाट पिएरालोंजा नावाच्या दोन सुळक्यांपाशी येते, तिथे जवळच एक डोंगरी खानावळ आहे. तिथून उतरत उतरत रिफुजिओ फिरेंत्से (२,०३७ मीटर) हा डोंगरी निवास गाठायचा. जर्मनमध्ये यालाच रेगेन्सबुर्गर हुट्टे म्हणतात. जेवण तिथे करा. मग पाऊण तासाच्या आत कोल रायझरचं वरचं स्थानक येतं, तिथून केबल कारने सांता क्रिस्तीनाला उतरायचं आणि बसने ओर्तिसेईला परत. निव्वळ चाल अडीच ते तीन तासांची, बहुतेक उताराची. सह्याद्रीत दोन-चार किल्ले चढलेल्या कुणालाही दम लागण्यासारखी नाही. मात्र चुनखडीच्या बारीक खडीवर पाय सरकतो, तेव्हा खाचा शाबूत असलेले ट्रेकिंगचे बूट हवेत. गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या न्या.

वाटांना क्रमांक असतात आणि खडकांवर लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्या रंगवलेल्या असतात. पाटीवरची वेळ इथल्या लोकांच्या चालीने लिहिलेली असते, आपण त्यात तिसरा हिस्सा मिळवावा. ‘व्हिया फेराता’ लिहिलेल्या वाटेवर, म्हणजे लोखंडी दोर ठोकलेल्या कड्यांवर, हेल्मेट, हार्नेस आणि धक्का शोषणारी जोड-दोरी याशिवाय पाऊल टाकू नका, मग चढाईचा कितीही अनुभव असो. आणि सर्वांत महत्त्वाचं: कोल रायझरची शेवटची केबल कार किती वाजता आहे हे सकाळीच बघून ठेवा. संकटात फोन ११२ ला करायचा.

तिसरा दिवस: आल्पे दी स्यूझी

सेचेदाच्या नेमकं समोर, नदीपलीकडच्या बाजूला, युरोपातलं सर्वांत मोठं उंचावरचं कुरण आहे: ५६ चौरस किलोमीटर. जर्मन नाव झायझर आल्म. ओर्तिसेईच्या मध्यापासून पूल ओलांडून मोन्त सेउक केबल कारचं स्थानक गाठायचं आणि २,००५ मीटरवर उतरायचं. बाहेर पडताच समोर सास्सोलुंगो आणि सास्सोपिआत्तो, उजवीकडे दूरवर शिलिआर डोंगराचा सपाट माथा. स्यूझी गावाकडून वर येणारा रस्ता सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंद असतो, म्हणून इथे शांतता आहे. गाडी नसलेला माणूस इथे मागे पडत नाही, उलट त्यालाच सोपं पडतं.

थोडा वेळ जमिनीकडेही बघा. आजूबाजूचे फिकट सुळके म्हणजे सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातले प्रवाळ आणि इतर जीवांनी उभारलेले खडक. ज्या खनिजाचे ते बनले आहेत त्याला देओदा द डोलोमिअ या फ्रेंच भूशास्त्रज्ञाचं नाव मिळालं, आणि पुढे साऱ्या डोंगररांगेला. कुरणाखाली मात्र बरंचसं वेगळंच आहे: समुद्रतळावर वाहिलेला लाव्हा आणि ज्वालामुखीचा गाळ. तो काळसर खडक झिजून मऊ, पाणी धरणारी माती झाली, तिच्यावर गवत फोफावलं. म्हणून मध्ये लाटांसारखी कुरणं आणि कडेला उभे कडे असं हे दृश्य तयार झालं. २००९ मध्ये युनेस्कोने डोलोमाइट्सना जागतिक वारसा म्हटलं, त्यात सौंदर्याइतकाच या भूशास्त्राचाही वाटा होता.

चालायला रुंद, आखीव वाट आहे. मोन्त सेउकहून सालत्रियापर्यंत साधारण दीड तासाचा उतार. तिथून बसने कोम्पाच, कोम्पाचहून केबल कारने स्यूझी गाव, आणि स्यूझीहून बसने ओर्तिसेई असा पूर्ण फेरा करता येतो. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर फेऱ्याच्या मागे लागू नका. वरच्या स्थानकाजवळ अर्धा तास चालून एखाद्या खानावळीच्या बाकावर बसलं तरी दिवस सार्थकी लागतो. बाबागाडीही या वाटांवर चालते.

गळ्यात घंटा बांधलेल्या गाई वाटेत येतील. वासरू सोबत असलेल्या गाईपासून लांबून जा, हात लावायला धावू नका. उघडलेलं फाटक मागे बंद करायचं.

चौथा दिवस: गर्दी चुकवणारे तीन पर्याय

पहिला पर्याय रेशिएझा. सेचेदाच्या शेजारीच, पण गर्दी त्याच्या पाव हिस्साही नाही. जंगलातून रुळांवरून दोरीने ओढली जाणारी गाडी साधारण २,१०० मीटरवर नेते. वर सेंब्रा पाइनचं विरळ रान आहे. पहिल्या दिवशी दुकानात ज्या लाकडाच्या मूर्ती बघितल्या ते झाड इथे वाऱ्यात उभं असलेलं दिसतं. जवळजवळ सपाट वाटेने पवित्र क्रूसाच्या छोट्या चॅपेलपर्यंत आणि पुढे थोडं चढून मोठ्या लाकडी क्रूसापर्यंत (२,२८१ मीटर) जाऊन यावं.

दुसरा सांक्ट याकोब. गावाच्या वर तीनशे मीटर उंचीवर, जंगलाच्या कडेला उभं असलेलं हे दरीतलं सर्वांत जुनं चर्च. कागदोपत्री पहिला उल्लेख ११८१ चा. बाहेरच्या भिंतीवर प्रवाशांचा रक्षक संत क्रिस्टोफर, आत पंधराव्या शतकातली भित्तिचित्रं. ‘त्रोई पायान’ नावाची प्राचीन पायवाट इथून जाते. गावातून चढायला तास-सव्वा तास लागतो. चर्च नेहमी उघडं नसतं, म्हणून आधी चौकशी करा. पण बंद असलं तरी तिथून सास्सोलुंगो असा दिसतो की चढल्याचं समाधान मिळतं.

तिसरा पर्याय सर्वांत सोपा, आणि माझा सर्वांत आवडता: जुन्या रेल्वेची वाट. पहिल्या महायुद्धात आघाडीला रसद पोचवण्यासाठी ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९१५-१६ च्या हिवाळ्यात पाच महिन्यांच्या आत क्यूसापासून सेल्वाच्या वरच्या टोकापर्यंत सुमारे ३१ किलोमीटरचा अरुंद लोहमार्ग टाकला. काम करायला हजारो रशियन युद्धकैदी जुंपले होते. युद्ध संपल्यावर तीच गाडी प्रवासी नेऊ लागली, आणि १९६० मध्ये बंद पडली. रूळ उखडले गेले, पण वाट राहिली. ओर्तिसेईहून सांता क्रिस्तीनापर्यंत ती जवळजवळ सपाट आहे, एक-सव्वा तासाची. गावात तिचं एक जुनं वाफेचं इंजिनही उभं करून ठेवलं आहे. मुलं इंजिन बघतील, मोठ्यांनी कैद्यांचीही आठवण ठेवावी.

पाय अजून चालत असतील तर बसने सेल्वापर्यंत जा आणि वालुंगा दरीत फिरा. दोन्ही बाजूंना उभे कडे, मध्ये सपाट गवत, सुरुवातीलाच संत सिल्व्हेस्टरचं चॅपेल आणि कड्याला चिकटलेले वोल्केनस्टाइन किल्ल्याचे अवशेष. मध्ययुगीन जर्मन कवी ओस्वाल्ड फॉन वोल्केनस्टाइन याच घराण्यातला.

पाऊस लागला तर

एखादा दिवस पावसात जाणार हे धरूनच चला. वर ढगांत बसण्यापेक्षा पास वापरून खाली उतरा. बोल्झानोतल्या पुरातत्त्व संग्रहालयात ‘ओट्झी’ आहे: १९९१ मध्ये हिमनदीत सापडलेला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, त्याच्या कपड्यांसह, कुऱ्हाडीसह. पावसाच्या दिवशी सगळ्यांनाच ही कल्पना सुचते, म्हणून वेळ आधी आरक्षित करा. वर्षातले बरेच महिने ते सोमवारी बंद असतं.

पण निवड करायची झाली तर मी ब्रेस्सानोने म्हणेन. कॅथीड्रलच्या शेजारी छत असलेली चौकोनी ओसरी आहे, तिच्या कमानी चित्रांनी भरल्या आहेत. त्यात पंधराव्या शतकातल्या चित्रकाराने एक हत्ती काढला आहे, कधीही हत्ती न बघता, त्यामुळे तो सोंड लावलेल्या घोड्यासारखा दिसतो. त्यानंतर काही दशकांनी गावाने खरा हत्ती पाहिला. पोर्तुगालच्या राजाकडून ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सिमिलियन याला भेट गेलेला सोलिमान नावाचा आशियाई हत्ती १५५१-५२ च्या हिवाळ्यात आल्प्स ओलांडायच्या आधी इथे दोन आठवडे मुक्कामाला होता. ज्या धर्मशाळेजवळ तो राहिला ती आजही हत्तीच्याच नावाचं हॉटेल आहे.

शाकाहाऱ्यांचं जेवण

उपाशी राहावं लागत नाही, विचारावं मात्र लागतं. ‘श्लुत्सक्राप्फेन’ म्हणजे पालक आणि ताजं चीज भरलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या, वर वितळलेलं लोणी. हा इथला माझा पहिला पर्याय. तळलेल्या ‘तुर्त्रेस’मध्येही पालक असतो. मश्रूम आणि चीजसोबत पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, मिळतो. शिळ्या पावाचे ‘कनेदेर्ली’ गोळे पालकाचे किंवा चीजचे मागा, कारण साध्या कनेदेर्लीत स्पेक हे डुकराचं धुरावलेलं मांस असतं. बार्लीचं सूप, ‘पानीचिआ’, दिसायला निरुपद्रवी, पण त्यातही बहुधा मांस असतं. पुरुषांनी ‘सोनो वेजेतारियानो’, बायकांनी ‘सोनो वेजेतारियाना’ म्हणावं आणि पुढे ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा स्पेक’ जोडावं. पिठात अंडं बहुतेक ठिकाणी असतं आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरलेला वासराच्या पोटातला पदार्थ, असू शकतं. हे चालत नसेल तर स्वतःच्या स्वयंपाकघराला पर्याय नाही.

गावातल्या हॉटेलांत दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं, ते संध्याकाळी सहा-सातला उघडतं. डोंगरी खानावळी दिवसभर काहीतरी देतात, पण संध्याकाळी लवकर आवरतात. तिथे थोडी रोकड जवळ ठेवा. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं, जिथे नसेल तिथे तशी पाटी असते.

हिवाळ्यात जाणार असाल तर

स्की येत नसेल तरी जा. मोन्त सेउकवर बर्फ दाबून तयार केलेल्या पायवाटा असतात, रेशिएझावरून घसरगाडीने खाली येता येतं. डिसेंबरमध्ये सांता क्रिस्तीनाजवळच्या सास्लोंग उतारावर जागतिक स्की स्पर्धा होतात, १९६९ पासून. त्या दिवसांत खोल्या मिळणं कठीण.

लाकडी वस्तू विकत घेताना

शेवटच्या दिवशी घाईत घेऊ नका, पहिल्या दिवशी बघून ठेवा आणि निघण्याआधी घ्या. दुकानात तीन प्रकारचा माल शेजारी शेजारी असतो: पूर्ण यंत्राने कोरलेला, यंत्राने ओबडधोबड काढून हाताने पूर्ण केलेला, आणि सुरुवातीपासून हाताने घडवलेला. तिन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो आणि तो रास्त आहे. थेट विचारा, चांगला दुकानदार न कचरता सांगतो. मूर्ती पालथी करून बघा, हाताच्या कोरणीचे माग तळाशी आणि मागच्या बाजूला सापडतात. शक्य असेल तर कारागिराच्या कार्यशाळेतूनच घ्या आणि त्याचं नाव कागदावर लिहून मागा. मोठी वस्तू परवडत नसेल तर खुंट्यांची छोटी बाहुली घ्या, इथला खरा इतिहास तिच्यातच आहे. सेंब्रा पाइनचं लाकूड मऊ असतं, लवकर चेपतं, म्हणून कपड्यांत गुंडाळून विमानात हातातल्या बॅगेत ठेवा.